लेटरहेड, बिल, पाटी आणि वेबसाइट : नाशिकच्या व्यावसायिकाने कायद्याने काय छापायचे, कुठे आणि कसे

नवा धंदा सुरू झाला की आधी लोगो ठरतो, मग पाटी लागते, मग व्हिजिटिंग कार्ड छापून येतात. नोंदणीची प्रमाणपत्रे मात्र सीएच्या ईमेलमध्येच पडून राहतात. छापखान्याला मजकूर पाठवायची वेळ आली की कुणीतरी मोबाइलवरून घाईघाईने चार ओळी टाइप करून पाठवते आणि पुढची पाच वर्षे त्याच ओळी प्रत्येक कोटेशनवर आणि बिलावर फिरत राहतात. त्यात सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) नसतो, पत्ता कारखान्याचा असतो आणि नाव अर्धेच असते. चूक छोटी असली तरी कंपनी कायद्यात तिचा दंड दिवसाला मोजला जातो.

कोणत्या कागदावर, पाटीवर आणि वेबसाइटवर काय असलेच पाहिजे, ते इथे क्रमाने दिले आहे. केंद्राचे कायदे देशभर सारखेच आहेत. पाटीच्या भाषेचा नियम महाराष्ट्राचा आहे.

आधी एक तपशीलपत्र तयार करा

डिझायनरला फोन करण्याआधी सगळी प्रमाणपत्रे समोर घेऊन एका पानावर सर्व तपशील उतरवून काढा : कायदेशीर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, धंद्याची इतर ठिकाणे, नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक, परवाने, फोन, ईमेल आणि तक्रारीसाठीच्या व्यक्तीचे नाव. क्रमांक हाताने टाइप करू नका. प्रमाणपत्राच्या पीडीएफमधून कॉपी करा, कारण शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

उतरवलेला क्रमांक बरोबर आहे का, हे त्याच्या रचनेवरूनच बऱ्याच अंशी कळते. कंपनीचा सीआयएन २१ अक्षरांचा असतो. पहिले अक्षर एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, यू म्हणजे न नोंदलेली. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरे (आपल्याकडे एमएच), चार आकड्यांत स्थापनेचे वर्ष, मग तीन अक्षरे कंपनीच्या प्रकाराची (पीटीसी म्हणजे प्रायव्हेट, पीएलसी म्हणजे पब्लिक, ओपीसी म्हणजे एका व्यक्तीची) आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. प्रायव्हेट कंपनीची पब्लिक झाली, दुसऱ्या राज्यात गेली किंवा शेअर बाजारात नोंदली गेली की सीआयएन बदलतो. अशा वेळी जुन्या लेटरहेडवरचा क्रमांक आपोआप चुकीचा ठरतो.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरे म्हणजे तुमचा पॅन, मग त्या पॅनवरच्या राज्यातल्या नोंदणीचा क्रम, साधारणपणे झेड आणि शेवटी पडताळणीचे अक्षर. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी, भागीदारी व एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांसाठी एफ आणि कंपनीसाठी सी असते. म्हणजे पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिले आहे आणि जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर पी आहे, तर मालकाने कंपनी काढल्यावरही बिले जुन्या एकल मालकीच्या नोंदणीवरच चालू आहेत, हे उघड होते. ही गडबड छपाईत दुरुस्त करता येत नाही. आधी सीएकडे जा.

पत्त्याबाबत नाशिकमध्ये दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत प्लॉटच्या क्रमांकाआधी अक्षर असते. ते गाळले की पत्ता दुसऱ्याच गल्लीतला होतो. पिनकोडही वेगळे आहेत : सातपूर ४२२००७, अंबड ४२२०१०. दुसरा घोळ शहराच्या इंग्रजी स्पेलिंगचा. जुन्या प्रमाणपत्रांवर एच नसलेले नासिक असते, नव्यांवर एच असलेले. एका स्पेलिंगवर ठाम राहा आणि तेच सगळीकडे वापरा. त्यामुळे बँका आणि पेमेंट गेटवे कागदपत्रे जुळवतात तेव्हा निष्कारण शंका निघत नाहीत.

प्रायव्हेट लिमिटेड आणि इतर कंपन्या

कंपनी कायदा २०१३ चे कलम १२ हा सगळ्याचा पाया आहे. पोटकलम (३) प्रमाणे व्यावसायिक पत्रे, बिलाचे मथळे, लेटरहेड, सर्व नोटिसा आणि इतर अधिकृत प्रकाशने यांवर या गोष्टी छापलेल्या असल्याच पाहिजेत : कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, दूरध्वनी क्रमांक, आणि असल्यास फॅक्स, ईमेल व वेबसाइट.

यातला 'नोंदणीकृत कार्यालय' हा शब्द नीट ध्यानात घ्या. कारखाना सिन्नरच्या मुसळगावला, विक्री कार्यालय कॉलेज रोडला आणि नोंदणीकृत कार्यालय संचालकाच्या इंदिरानगरातल्या घरी, ही मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. घरचा पत्ता नको म्हणून लेटरहेडवर फक्त कारखान्याचा पत्ता देतात. ते चालत नाही. कारखान्याचा पत्ता मोठ्या अक्षरात द्यायला हरकत नाही, पण नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता तसे स्पष्ट लिहून दिलाच पाहिजे. घरचा पत्ता खरोखरच नको असेल तर नोंदणीकृत कार्यालय रीतसर हलवा.

नाव पूर्ण हवे. लोगोत ब्रँड असेल, पण त्याच पानावर 'प्रायव्हेट लिमिटेड'सह संपूर्ण नाव आलेच पाहिजे. एका व्यक्तीची कंपनी असेल तर जिथे जिथे नाव छापाल, लावाल किंवा कोराल, तिथे नावाखाली कंसात 'वन पर्सन कंपनी' हे शब्द हवेत. मागच्या दोन वर्षांत नाव बदलले असेल तर नव्या नावासोबत जुने नावही द्यावे लागते. हुंड्या, प्रॉमिसरी नोटा आणि विनिमय पत्रे यांवर नाव छापलेले असणेही याच कलमात आहे.

संचालकांची नावे आणि डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) लेटरहेडवर असलेच पाहिजेत असा समज पसरलेला आहे. तसे बंधन नाही. जागा मोजकी असेल तर संचालकांची नावे काढा आणि सीआयएन वाचता येईल एवढा मोठा करा.

लेटरहेडच्या तळाला येणारा मजकूर साधारण असा असावा. प्रत्यक्षात क्रमांक इंग्रजी अक्षरांत छापा :

अबक फूड्स प्रायव्हेट लिमिटेड
नोंदणीकृत कार्यालय : (प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण पत्ता), नाशिक ४२२०__
सीआयएन : (२१ अक्षरे) । दूरध्वनी : ____ । ईमेल : ____ । वेबसाइट : ____
कारखाना : (पत्ता)

अक्षरे ७ पॉइंटपेक्षा लहान नकोत आणि फिकट राखाडी रंग नको. कागदाची झेरॉक्स निघाली किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो गेला की फिकट अक्षरे सगळ्यात आधी पुसट होतात. तळापासून दीड सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर ऑफिसातला प्रिंटर शेवटची ओळ कापतो आणि नेमकी ती सीआयएनची असते.

ईमेलवर पाठवलेले कोटेशन, परचेस ऑर्डर, प्रोफॉर्मा हीसुद्धा व्यावसायिक पत्रेच आहेत असे धरून चाला. ईमेलच्या सहीखाली हाच मजकूर कायमचा बसवा. विक्री विभागातली मुले स्वतःच्या एक्सेल फाइलवरून कोटेशन काढतात आणि तिथे फक्त लोगो असतो. एकच टेम्पलेट सगळ्यांना द्या आणि जुन्या फाइली काढून टाका. व्हिजिटिंग कार्ड मात्र या यादीत नावाने नाही. त्यावर २१ अक्षरे कोंबायचा आग्रह धरू नका, पूर्ण नाव असले म्हणजे पुरे.

कलम १२ मोडल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला, दोघांनाही दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाख रुपये दंड आहे. स्मॉल कंपनी, वन पर्सन कंपनी, स्टार्टअप आणि उत्पादक कंपनी यांना कलम ४४६बीप्रमाणे तो निम्म्यापर्यंत येतो. दिंडोरी-निफाड भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. त्यांच्या पावत्यांवर बहुतेक वेळा गावाचे नाव आणि मोबाइल क्रमांक एवढेच असते. दंड निम्मा असला तरी बंधन पूर्ण आहे.

एलएलपी, भागीदारी आणि एकल मालकी

एलएलपी कायदा २००८ चे कलम २१ थोडक्यात सांगते : बिले, अधिकृत पत्रव्यवहार आणि प्रकाशने यांवर एलएलपीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ती मर्यादित दायित्वासह नोंदलेली असल्याचे विधान हवे. हे शेवटचे विधान जवळजवळ सगळे विसरतात. नावापुढे 'एलएलपी' आहे म्हणजे झाले, असे समजतात. तळाला एक स्वतंत्र वाक्य टाका : 'मर्यादित दायित्वासह नोंदणीकृत'. चुकल्यास १०,००० रुपये दंड.

भागीदारी आणि एकल मालकीला लेटरहेडसाठी असा वेगळा कायदा नाही. त्यांना जीएसटी, पाटी आणि धंद्यानुसारचे नियम लागू होतात. मात्र नोंदणी नसताना नावापुढे 'लिमिटेड' किंवा 'प्रायव्हेट लिमिटेड' लावणे कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली दंडनीय आहे, दिवसाला ५०० ते २,००० रुपये. दुकानाचे नाव वेगळे आणि मालकाचे वेगळे असेल तर बिलावर दोन्ही द्या. जीएसटी प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव असे दोन रकाने असतात, तेच शब्द घ्या.

नोंदणी झालेली नसताना ब्रँडच्या डोक्यावर वर्तुळातला 'आर' लावू नका. ट्रेडमार्कचा अर्ज केला आहे पण प्रमाणपत्र आलेले नाही, तोवर फक्त 'टीएम' चालते. डिझायनर हे चिन्ह शोभेसाठी टाकतात, म्हणून मंजुरीच्या प्रूफमध्ये ते आवर्जून तपासा.

पाटी

पाटीला एकाच वेळी तीन कायदे लागू होतात, आणि पाटी करणाऱ्याला साधारणपणे त्यातला एकच माहीत असतो.

पहिला मराठीचा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली कलम ३६अ आले. त्यानुसार आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीतल्या मराठीत असला पाहिजे. दुसरी भाषा चालते, पण मराठी अक्षरे सुरुवातीला हवीत आणि त्यांचा आकार दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नको. कामगार कमी आहेत म्हणून सूट नाही. नोंदणी करावी लागणाऱ्या आणि फक्त सूचना द्यावी लागणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या आस्थापनांना हे लागू आहे. व्यापाऱ्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांत पालन करायला सांगितले. ती मुदत कधीच संपली आहे. मद्य विकणाऱ्या किंवा पुरवणाऱ्या आस्थापनेला महनीय व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत, हेही याच दुरुस्तीत आहे.

प्रत्यक्षात कुठे चुकते ते बघा. वर इंग्रजी लोगो चार फुटांचा, उजव्या कोपऱ्यात मराठी नाव सहा इंचांचे. हे नियमात बसत नाही. रात्री इंग्रजी अक्षरांत दिवे लागतात आणि मराठी अंधारात राहते, अशा पाट्या कॉलेज रोडला आणि गंगापूर रोडला दिसतात. दिव्यांबद्दल कलमात शब्द नाही, पण दोन्ही सारखे उजळा, ग्राहकालाही बरे. पाटीवाल्याला ऑर्डर देताना 'मराठी वर किंवा डावीकडे आधी, अक्षराची उंची इंग्रजीइतकी किंवा जास्त' असे लेखी द्या. उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा. वेलांट्या आणि उकार धरून मोजले की मराठी मोठी भासते, पण मूळ अक्षर लहानच राहते. मराठी नाव युनिकोड फाँटमध्ये टाइप करून, त्याचे आउटलाइन करूनच फाइल पाठवा. जुन्या फाँटची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे तुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जातो. तीच फाइल तशीच फ्लेक्सवर उतरते.

दुसरा कायदा जीएसटीचा. नियम १८ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र मुख्य ठिकाणी आणि प्रत्येक अतिरिक्त ठिकाणी ठळक जागी लावायचे, आणि जीएसटी क्रमांक प्रवेशाजवळच्या नामफलकावर लिहायचा. प्रत्येक ठिकाणी म्हणजे गोदामातही. मेन रोडला दुकान आणि पंचवटीत गोदाम असेल तर गोदामाच्या शटरवरही छोटी पाटी लावा. क्रमांक मुख्य पाटीतच कोरून घेण्यापेक्षा खाली स्वतंत्र पट्टी करा. पुढेमागे क्रमांक बदलला तर पूर्ण पाटी फेकावी लागत नाही. रोडवरून वाचता यायची गरज नाही, दारात उभ्या माणसाला दिसला पाहिजे. चुकल्यास कलम १२५ चा सर्वसाधारण दंड २५,००० रुपयांपर्यंत केंद्राचा आणि तितकाच राज्याचा होऊ शकतो.

कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची ठोक कराची योजना) असाल तर मुख्य व अतिरिक्त ठिकाणच्या प्रत्येक फलकावर 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन' हे शब्द हवेत.

तिसरा कायदा पुन्हा कंपनीचा. कलम १२ प्रमाणे जिथे जिथे धंदा चालतो, त्या प्रत्येक जागेबाहेर कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावायचा, आणि तो त्या भागातल्या वापरातल्या भाषेच्या लिपीतही हवा. म्हणजे कंपनी असाल तर मराठीचे बंधन दोन्ही कायद्यांनी येते. शोरूमवर फक्त ब्रँडची पाटी असते आणि कंपनीचे नाव कुठेच नसते, हा सर्वांत मोठा राहून गेलेला भाग. दाराशेजारी साधारण एक फूट बाय दीड फुटाची अॅक्रिलिकची किंवा स्टीलची पाटी लावा. तिच्यावर पूर्ण नाव मराठीत व इंग्रजीत, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन आणि जीएसटी क्रमांक एकत्र बसतात. ब्रँडची मोठी पाटी मग मोकळी राहते. सीआयएन पाटीवर सक्तीचा नाही, पण एकदा करतोच आहोत तर टाका.

आपल्या दुकानाच्या दर्शनी भागाबाहेर, गच्चीवर किंवा वेगळ्या सांगाड्यावर फलक लावत असाल तर तो महापालिकेच्या जाहिरात आणि आकाशचिन्ह परवान्याचा विषय होतो. तो परवाना सांगाडा उभा करण्याआधी घ्यायचा असतो.

बिल

जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावरचे तपशील दिले आहेत : विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख, नोंदणीकृत ग्राहकाचे नाव, पत्ता व क्रमांक, मालाचे वर्णन आणि एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा संकेतांक), प्रमाण, करपात्र रक्कम, कराचा दर आणि केंद्र, राज्य किंवा आंतरराज्य कराची वेगवेगळी रक्कम, परराज्यात माल जात असेल तर राज्याच्या नावासह पुरवठ्याचे ठिकाण, रिव्हर्स चार्ज (कर विक्रेत्याऐवजी ग्राहकाने भरणे) लागू आहे का, आणि सही. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ५०,००० रुपये किंवा त्याहून मोठ्या किमतीचा माल असेल तर त्याचेही नाव, पत्ता आणि राज्य हवे.

बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. शहराचे लघुरूप, शाखेचे नाव, पूर्ण आर्थिक वर्ष आणि चार आकडे असे जोडले की १६ कधी ओलांडले ते कळत नाही. तिरपी रेघ आणि आडवी रेघही अक्षर म्हणून मोजली जाते. शाखेला एक अक्षर आणि वर्षाला दोन-दोन आकडे पुरतात.

वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर चार आकडी एचएसएन, त्यावर सहा आकडी. ५ कोटींच्या वर उलाढाल गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापारी ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागू आहे. मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात : पहिली ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपली. बिलबुक छापताना हे शब्द प्रत्येक रंगाच्या पानावर वेगळे छापून घ्या. छापखाना बऱ्याचदा तिन्ही पानांवर 'ओरिजिनल' छापतो. कंपोझिशनवाल्याने कर लावायचा नाही. त्याच्या 'बिल ऑफ सप्लाय'च्या वरच्या बाजूला 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज' हे वाक्य हवे.

कंपनी असेल तर बिलावर सीआयएन आणि नोंदणीकृत पत्ताही लागतो, कारण बिलाचे मथळे कलम १२ मध्ये आहेत. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये सीआयएनचा वेगळा रकाना नसेल तर पत्त्याच्या शेवटच्या ओळीत टाका. मग एक बिल कागदावर आणि एक पीडीएफमध्ये काढून बघा. स्क्रीनवर दिसणारी ओळ छापताना गळते, असे सेटिंगमुळे वारंवार होते.

उद्यम क्रमांक (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) बिलावर सक्तीचा नाही, तरी सातपूर-अंबडच्या प्रत्येक छोट्या पुरवठादाराने तो छापावा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतल्यावर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे लागते, असे एमएसएमईडी कायदा २००६ सांगतो. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला तुम्ही लघु उद्योग आहात हे बिल बघूनच कळले पाहिजे. उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म' किंवा 'लघु' हा शब्द, दोन्ही द्या.

वेबसाइट

कंपनीची वेबसाइट असेल, मग तिच्यावर विक्री होवो वा न होवो, कंपनी स्थापना नियम २०१४ चा नियम २६ लागू होतो. नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, दूरध्वनी, असल्यास फॅक्स, ईमेल आणि चौकशी किंवा तक्रारीसाठी कोणाशी बोलायचे त्या व्यक्तीचे नाव हे सगळे मुखपृष्ठावर हवे. 'संपर्क' पानावर टाकून भागत नाही. फूटर (पानाच्या तळाचा पट्टा) सगळ्या पानांवर येतो, म्हणून तिथे टाकणे सर्वांत सोपे. फक्त तीन गोष्टी बघा. मजकूर चित्रात नको, अक्षरांत हवा. मोबाइलवर फूटरचे भाग मिटलेले राहतात, तर हा भाग उघडा ठेवा. आणि 'कस्टमर केअर टीम' हे व्यक्तीचे नाव नव्हे. खरे नाव द्या, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की त्याच दिवशी बदला.

वेबसाइटवर ऑर्डर घेत असाल, मग तुम्ही एकल मालक असा की कंपनी, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० लागू होतात. येवल्याची पैठणी, पिंपळगावचे बेदाणे किंवा घरचा चिवडा स्वतःच्या वेबसाइटवरून विकणारे बहुतेक जण स्वतःला 'ई-कॉमर्स' समजत नाहीत. नियम मात्र तसे समजतात. कायदेशीर नाव, मुख्यालयाचा आणि सर्व शाखांचा पत्ता, वेबसाइटचे तपशील, ग्राहक सेवेचे आणि तक्रार अधिकाऱ्याचे ईमेल व फोन हे ठळक दिसले पाहिजे. तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क द्यायचा. तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण. छोट्या धंद्यात मालक स्वतःच हा अधिकारी असू शकतो. तक्रारीसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता आणि त्यावर क्रमांकासह आपोआप जाणारे उत्तर लावले की पोच देण्याची अट तिथेच पूर्ण होते.

स्वतःचा माल विकणाऱ्याने परतावा, पैसे परत, बदली, वॉरंटी, पाठवणी, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे भरण्याचे पर्याय, हे सगळे ग्राहक पैसे भरण्याआधी वाचू शकेल असे द्यायचे. ही पाने दुसऱ्या वेबसाइटवरून उचलू नका. उचललेल्या मजकुरात दुसऱ्याच शहराचे न्यायक्षेत्र आणि भलताच ईमेल राहून जातो, आणि '३० दिवसांत विनाअट परत' असे लिहिले असेल तर ग्राहक आयोगापुढे ते तुमचेच वचन ठरते. किंमत एकूण एका आकड्यात आणि तिची फोड सोबत : माल, कर, पाठवणी, हाताळणी. शेवटच्या पायरीवर अचानक नवा आकार दाखवणे हा २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणाऱ्या वेबसाइटच्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन मना केलेला प्रकार आहे. संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवणेही चालत नाही.

दुसऱ्याच्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर तुमचे कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहक सेवा, जीएसटी क्रमांक आणि पॅन हे तपशील तुम्ही त्यांना बरोबर पुरवायचे आणि बदलले की कळवायचे.

आता पॅकबंद माल. वैध मापन (पॅकबंद वस्तू) नियम २०११ प्रमाणे पाकिटावर जे द्यावे लागते, त्यातला उत्पादनाचा महिना-वर्ष सोडून बाकी सगळे वेबसाइटवरही दिसले पाहिजे : उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि आयात मालाला मूळ देश. एककाची किंमत एक किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅममागे आणि वरच्याला किलोमागे द्यायची. २५० ग्रॅमचा चिवडा १२० रुपयांना असेल तर ग्रॅममागे ०.४८ रुपये. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकून काम भागवू नका, मोबाइलवर तो वाचता येत नाही. प्रत्येक वजनाच्या पर्यायाखाली हा तपशील अक्षरांत द्या.

गोपनीयता धोरणही हवे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम बँक तपशील, आरोग्याची माहिती, पासवर्ड अशी संवेदनशील माहिती घेणाऱ्या कंपनी, भागीदारी किंवा एकल मालकीला वेबसाइटवर धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव द्यायला सांगतात. धोरणात खरे काय होते तेच लिहा : कोणती माहिती घेता, ती कुरिअरला आणि पेमेंट गेटवेला जाते का, किती काळ ठेवता, खोडायची असेल तर कोणाला लिहायचे.

धंद्यानुसार आणखी काय

खाद्यपदार्थ बनवणारे, विकणारे, हॉटेलवाले, सगळ्यांच्या बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. परवान्याचा क्रमांक १ ने सुरू होतो, नोंदणीचा २ ने. पाकिटावर तो एफएसएसएआयच्या चिन्हासह. परवाना दर्शनी भागात लावायचा.

सराफ बाजारातल्या दुकानात बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचे प्रमाणपत्र आणि हॉलमार्कच्या दागिन्यांची माहिती देणारा फलक दर्शनी हवा, ग्राहकाला किमान दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले पाहिजे, आणि बिलावर प्रत्येक दागिन्याचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्किंगचा आकार वेगळा दाखवायचा. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा हॉलमार्क क्रमांक) १ एप्रिल २०२३ पासून आहे. तो बिलावरही लिहिला तर परत आलेल्या दागिन्याचा वाद मिटतो.

बिल्डरने जाहिरातीत आणि माहितीपुस्तिकेत महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) प्रकल्प नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या वेबसाइटचा पत्ता ठळक द्यायचा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. नाशिकच्या जुन्या नोंदणीच्या प्रकल्पांचे क्रमांक पी५१६ ने सुरू होतात. गंगापूर रोडच्या होर्डिंगवर दुसऱ्या जिल्ह्याचा क्रमांक दिसला तर जुन्या प्रकल्पाची फाइल कॉपी झाली आहे, हे लगेच कळते. इन्स्टाग्रामवरची पोस्टसुद्धा जाहिरातच आहे. औषध दुकानाचे परवाने लोकांना दिसतील असे लावलेले हवेत आणि परवाना क्रमांक बिलावर.

बदल झाला की कोणत्या क्रमाने बदलायचे

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय हलले की ३० दिवसांत फॉर्म आयएनसी-२२ भरायचा. जीएसटीत बदल १५ दिवसांत कळवायचा. दोन्हीकडे नवा पत्ता एकाच शब्दांत टाइप करा. मंजुरी आल्यावर तपशीलपत्र सुधारा, त्यावर तारीख टाका, आणि मगच या क्रमाने पुढे जा : सॉफ्टवेअरमधले बिल, ईमेलची सही, वेबसाइटचा फूटर, दाराची पाटी, मार्केटप्लेसवरची खाती, शेवटी छापील साहित्य. आधीच्या पाच गोष्टींना एक दिवस लागतो, छपाईला आठवडा.

छापून ठेवलेल्या लेटरहेडचे गठ्ठे फेकू नका. नवा पत्ता आणि सीआयएन असलेला, न पुसणाऱ्या काळ्या शाईचा रबरी शिक्का बनवून घ्या, जुनी ओळ एका रेघेने काटा आणि प्रत्येक पानावर खाली शिक्का मारा. चकचकीत कागदावर शाई पसरते, तिथे छापील स्टिकर वापरा. पुढची ऑर्डर देताना एकदम दोन हजार प्रती छापण्यापेक्षा पाचशेच छापा. दर थोडा चढा पडतो, पण बदल आला की वाया जाणारा कागद कमी असतो.